एका त्रुटीत साडेतेरा आयुष्यं

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’त दिवसाचे तुकडे पाडायला घेतले, तेव्हा ते घटिका-पळांवर थांबले नाहीत. पापणी लवायला लागतो तो निमेष, निमेषाचा तिसावा भाग तत्पर, आणि तत्पराचा शंभरावा भाग त्रुटी. अहोरात्रात निमेष ९ लाख ७२ हजार, तेव्हा त्रुटी झाल्या २९१ कोटी ६० लाख. आजच्या हिशेबात एक त्रुटी सुमारे ३० मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले तीस. घटिकापात्र बुडायची वाट बघत वेळ मोजायच्या त्या काळात त्रुटी मोजणारं साधन कुठून असणार? ती निव्वळ गणिताची हौस होती. अशा हौसेबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे.

म्यूऑन नावाचा एक कण आहे. इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद, पण २०७ पट जड. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे भास्कराचार्यांच्या एका त्रुटीत त्याची साडेतेरा आयुष्यं ओळीनं बसतात. दहा लाख म्यूऑन घेऊन त्रुटीभर थांबलात, तर हाती एखाद-दुसराच उरेल. आणि हे आयुष्य आज जगभरच्या विद्यापीठांतली पदवीची मुलं स्वतः मोजतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ‘ज्युनिअर लॅब’मध्ये म्यूऑनांचा वेग आणि आयुष्य काढणं हा ठरलेला प्रयोग आहे. त्याला त्वरणयंत्र लागत नाही, किरणोत्सारी पदार्थाचा परवानाही लागत नाही. कच्चा माल आकाशातून पडतो, तोही फुकट.

अवकाशातून येणारे वेगवान प्रोटॉन साधारण १५ किलोमीटर उंचीवर हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळतात. त्या धडकेतून पायॉन निघतात. ते सेकंदाच्या अब्जांशाच्या २६ पट इतकंच जगतात आणि मरताना म्यूऑन मागे ठेवतात. हे म्यूऑन समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला एक या हिशेबानं बरसत असतात. पसरलेल्या तळहातातून मिनिटाला शंभरेक जातात. रात्री आठ तास आडवं पडलेल्या माणसातून पंचवीस-तीस लाख आरपार जातात, आणि तो सकाळी उठून चहा मागतो. त्याला काहीही कळलेलं नसतं.

प्रयोगशाळेतलं उपकरण दिसायला अगदीच सामान्य आहे. जेमतेम वीतभर रुंदीचा, पारदर्शक, खास प्लास्टिकचा एक जाड ठोकळा, त्याला चिकटवलेली एक फोटोमल्टिप्लायर नळी, आणि प्रकाशाचा कवडसाही आत जाऊ नये म्हणून भोवती काळं आवरण. या प्लास्टिकला सिंटिलेटर म्हणतात. विद्युतभारित कण त्यातून गेला की ते क्षणभर निळसर चमकतं. दहा सेंटिमीटर प्लास्टिकमधून गेलेला म्यूऑन वाटेत अंदाजे दोन कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सांडतो आणि त्यातून दोन लाखांच्या घरात फोटॉन निघतात. तरीही डोळ्याला ती चमक दिसणार नाही, नळीला मात्र दिसते. तिला हजार-बाराशे व्होल्टचा दाब दिलेला असतो, आणि एका फोटॉनमुळे सुटलेल्या एका इलेक्ट्रॉनचे ती दहा लाखांहून अधिक करते.

बहुतेक म्यूऑन ठोकळ्यातून सरळ निघून जातात. एक चमक, विषय संपला. पण कधीतरी दमून आलेला, ऊर्जा संपत आलेला एखादा म्यूऑन आतच थांबतो. आत येताना त्याची एक चमक पडते. मग तो तिथेच मरतो आणि त्याच्या जागी एक इलेक्ट्रॉन व दोन न्यूट्रिनो निघतात. न्यूट्रिनो कुणाला दाद देत नाहीत, पण इलेक्ट्रॉन प्लास्टिकला पुन्हा चमकवतो. पहिल्या चमकेला घड्याळ सुरू, दुसऱ्या चमकेला बंद. एवढाच प्रयोग.

इथे शंका निघते, निघायलाच हवी. दुसरी चमक त्याच म्यूऑनच्या मरणाची कशावरून? दुसराच कुणी म्यूऑन त्या वेळी आला नसेल कशावरून? याचं उत्तर मला या प्रयोगातला सर्वांत देखणा भाग वाटतं. ठोकळ्यात सेकंदाला पाचेक म्यूऑन येतात असं धरा. दोघांमध्ये सरासरी अंतर पडलं दोन लाख मायक्रोसेकंदांचं, आणि आपण पाहतोय ते पहिल्या चमकेनंतरच्या वीस मायक्रोसेकंदांत. इतक्यात दुसरा उपरा टपकण्याची शक्यता दहा हजारांत एक. आपल्याला जे अंतर प्रचंड वाटायला हवं ते प्रचंड आहे, आणि जे चिमुकलं हवं ते चिमुकलं. निसर्गानं एवढी सोय क्वचितच करून दिलेली असते. चुकून मिसळलेले थोडे उपरे आलेखाच्या तळाशी सपाट थर होऊन बसतात आणि वजा करता येतात.

घड्याळाचं काय, हाही प्रश्न फारसा अवघड नाही. दोन मायक्रोसेकंद आपल्याला अशक्य कमी वाटतात, इलेक्ट्रॉनिक्सला ते ऐसपैस असतात. वीस नॅनोसेकंदांचा ठोका देणारं साधं गणित्र म्यूऑनच्या आयुष्यात ११० ठोके देतं. घरातल्या संगणकाचा तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्यात साडेसहा हजार आवर्तनं उरकतो.

अर्थात हे आज. १९४१ साली कॅनडात लावाल विद्यापीठात फ्रँको रासेत्तींनी पहिल्यांदा थेट मोजमाप केलं तेव्हा उत्तर आलं दीड मायक्रोसेकंद, चूक-भूल ०.३ इतकी. वांशिक कायद्यांमुळे इटली सोडावी लागलेल्या ब्रूनो रोस्सींनी कॉर्नेल विद्यापीठात नॉरिस नेरेसन यांच्यासह ते १९४३ मध्ये २.१५ वर आणलं, चूक-भूल ०.०७. व्हॅक्यूम ट्यूबच्या जमान्यात हे काम किती नाजूक होतं याची कल्पना करणंही कठीण आहे. त्याच सुमारास इटलीत मार्चेल्लो कोन्वेर्सी आणि ओरेस्ते पिच्चोनी हे दोन तरुण हाच प्रयोग करत होते. जुलै १९४३ मध्ये रोमवर बॉम्ब पडले, विद्यापीठालगतची वस्ती उद्ध्वस्त झाली, तेव्हा त्यांनी सगळं उपकरण उचललं आणि व्हॅटिकनजवळच्या एका शाळेच्या तळघरात नेऊन मांडलं. व्हॅटिकनच्या आसपास बॉम्ब पडणार नाहीत हा त्यांचा अंदाज होता. शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना त्यांनी तिथे काढलेलं उत्तर होतं २.३३, चूक-भूल ०.१५. शाळेतल्या म्यूऑन-प्रयोगांचा इतिहास लिहायचा झाला, तर त्याचं पहिलं पान या तळघराचं.

आता त्या आलेखाकडे वळू. मिनिटाला एखादा म्यूऑन आत थांबून मरतो. कोणी ०.३ मायक्रोसेकंदात, कोणी १.९, कोणी साडेसात. एकेक आकडा पाहिला तर त्यातून काहीच कळत नाही. हजारभर जमले की उतार दिसू लागतो. २.२ मायक्रोसेकंदांनी ३७ टक्के शिल्लक, आणखी २.२ नंतर त्या ३७ टक्क्यांचे ३७ टक्के, म्हणजे साडेतेरा, आणि असंच पुढे. या उताराचा अर्थ मोठा विचित्र आहे. आपण घड्याळ सुरू केलं ते म्यूऑन ठोकळ्यात शिरल्यावर. तो जन्मला कितीतरी आधी, कित्येक किलोमीटर वर. त्याचं आधीचं वय आपण धरलंच नाही, आणि तरी उत्तर बरोबर येतं.

याचं कारण म्यूऑन म्हातारा होत नाही. जन्मल्याबरोबर त्याची पुढच्या मायक्रोसेकंदात मरण्याची जी शक्यता असते, तीच पाच मायक्रोसेकंद जगल्यावरही असते, तसूभर कमी नाही की जास्त नाही. आयुर्विम्याचा हप्ता वयाबरोबर वाढतो. म्यूऑनांची विमा कंपनी असती, तर तिला अर्जावर जन्मतारखेचा रकाना छापावाच लागला नसता. म्हणूनच ‘म्यूऑन २.२ मायक्रोसेकंद जगतो’ हे विधान कुठल्याही एका म्यूऑनबद्दल नाही. तो आकडा झुंडीचा आहे. एकट्याचं आयुष्य सांगता येत नाही. लाखांचं इतक्या काटेकोरपणे सांगता येतं, की एकट्याचं सांगता येत नाही याचं दुःख करायचं कारण उरत नाही.

मग दुसरं कोडं. प्रकाशाच्या वेगानं धावला तरी म्यूऑन २.२ मायक्रोसेकंदांत ६६० मीटर जाईल. १५ किलोमीटर म्हणजे जवळपास २३ आयुष्यं झाली. साधं गणित सांगतं की इतकी मजल मारणारे ७८० कोटींत एक निघतील. पृथ्वीवर माणसं आहेत जवळपास तेवढे म्यूऑन वरून निघाले, तर खाली पोचणार एक. आणि आपल्या तळहातातून तर मिनिटाला शंभर जाताहेत.

या कोड्याचं उत्तर कण नीट ओळखला जाण्याआधीच एका २८ वर्षांच्या मुंबईकरानं सुचवून ठेवलं होतं. कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमेयर यांना हा कण १९३६ मध्ये कॅल्टेकमध्ये दिसला होता. केंब्रिजहून होमी भाभांनी ‘नेचर’ला धाडलेलं टिपण १९३८ मध्ये छापून आलं; त्यात त्यांनी म्हटलं, की असा जड कण आपोआप क्षय पावत असेल, तर त्याच्याकडे घड्याळ म्हणून पाहता येईल. आणि सापेक्षतावाद खरा असेल तर वेगानं धावताना हे घड्याळ मंद चालेल, म्हणजे कण जास्त जगेल. समुद्रसपाटीला पोचणाऱ्या म्यूऑनांची सरासरी ऊर्जा ४ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. त्या वेगाला काळ ३८ पट ताणला जातो. २.२ चे ८३ मायक्रोसेकंद होतात आणि मजल ६६० मीटरांवरून २५ किलोमीटरवर जाते. म्यूऑनला विचाराल तर तो सांगेल, मी काही जास्त जगलो नाही, तुमचं १५ किलोमीटरचं वातावरणच मला ४०० मीटर जाडीचं दिसलं. दोघांचंही म्हणणं खरं.

एमआयटीचे डेव्हिड फ्रिश आणि त्यांचे सहकारी जेम्स स्मिथ यांनी हे विद्यार्थ्यांसाठी मोजून दाखवलं आणि त्यावर शिकवण्याचा एक चित्रपटही काढला. न्यू हॅम्पशरमधल्या माउंट वॉशिंग्टनवर, १,९०७ मीटर उंचीवर, त्यांना ठरावीक वेगाचे म्यूऑन तासाला सरासरी ५६३ मिळाले. तेच उपकरण एमआयटीच्या गावी, म्हणजे अमेरिकेतल्या केंब्रिजला, समुद्रसपाटीजवळ उतरवलं. उतरायला म्यूऑनला लागतात ६.४ मायक्रोसेकंद, म्हणजे तीन आयुष्यं. काळ ताणला जात नसता तर खाली तीसेक मिळायला हवे होते. मिळाले ४०८. पुढे १९७७ मध्ये सर्न प्रयोगशाळेत १४ मीटर व्यासाच्या वर्तुळात म्यूऑन फिरवून पाहिले, तेव्हा त्यांचं आयुष्य ६४.४ मायक्रोसेकंद भरलं. तेवढ्यात सरासरी म्यूऑन चारशेहून अधिक फेऱ्या मारत होता, आणि वळताना त्याच्यावर पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या एकावर १८ शून्यं इतक्या पटीचं त्वरण येत होतं. त्याचा आयुष्यावर काहीही परिणाम दिसला नाही.

विद्यार्थ्याच्या ठोकळ्यातला म्यूऑन मात्र थांबलेला असतो, म्हणून त्याचं आयुष्य न ताणलेलं, मूळचं. उत्तर २.२ यायला हवं. येतं बहुधा २.१ च्या आसपास, आणि मुलं उगाच तारा तपासत बसतात. तारा ठीक असतात. आकाशातून येणारे म्यूऑन दोन जातींचे, काही धन भाराचे, काही ऋण. प्लास्टिकमध्ये कार्बन असतो आणि ऋण म्यूऑनला कार्बनचं अणुकेंद्र ओढून घेतं. त्यातले काही मरायच्या आतच गिळले जातात. त्यामुळे कार्बनमध्ये ऋण म्यूऑनचं आयुष्य २.०३ पर्यंत उतरतं. लोखंडात ते ०.२ होतं. युद्ध संपल्यावर कोन्वेर्सी आणि पिच्चोनींनी एत्तोरे पान्चिनींना बरोबर घेऊन नेमकं हेच पाहिलं. हिदेकी युकावांनी भाकीत केलेला कण हाच असता, तर कार्बनमध्येही तो बघता बघता गिळला गेला असता. तो तसा गेला नाही. म्हणजे दहा वर्षं सगळे ज्याला युकावांचा कण समजत होते तो भलताच निघाला. १९४७ साली हे प्रसिद्ध झालं, आणि त्याच वर्षी युकावांचा खरा कण, पायॉन, ब्रिस्टलच्या मंडळींना सापडला. विद्यार्थ्याच्या वहीतल्या त्या ०.१ च्या फरकात एवढं सगळं दडलेलं असतं. मार्क कापण्याआधी परीक्षकांनी याचा विचार करावा.

अचूकतेचा भाव मात्र कडक आहे. दहा हजार मरणं नोंदलीत तर चूक एक टक्का. मिनिटाला एक या गतीनं त्याला आठवडा पुरतो. चूक दहापट कमी करायची तर मरणं शंभरपट हवीत, म्हणजे दहा लाख, आणि मग जवळजवळ दोन वर्षं. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत ‘म्यूलॅन’ या प्रयोगानं दोन लाख कोटी म्यूऑनांची मरणं नोंदली आणि २०११ मध्ये उत्तर जाहीर केलं: २.१९६९८०३ मायक्रोसेकंद. चूक-भूल दहा लाखांत एक, म्हणजे २.२ पिकोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा मिलिमीटरभर सरकत नाही. विद्यार्थ्याच्या ठोकळ्याला इतकी मरणं गोळा करायला ३८ लाख वर्षं लागली असती. ही हौस उगाच नव्हती. या एका आकड्यावरून निसर्गातल्या क्षीण बलाची ताकद ठरते, आणि सूर्यातला हायड्रोजन जळण्याची पहिली पायरी त्याच बलावर चालते.

आपल्याकडे म्यूऑन मोजण्याची परंपरा जुनी आणि दणकट आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी १९५१ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींत उपकरणं उतरवली. पावणेतीन किलोमीटर खोलीवर दोन महिने वाट पाहूनही एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. पृष्ठभागावर दर चौरस मीटरला मिनिटाला दहा हजार, आणि इथे शून्य. दुसरे कुणी प्रयोग फसला म्हणून हळहळले असते. यांनी ओळखलं की न्यूट्रिनो पकडायला याहून शांत जागा नाही, आणि १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो तिथे पकडले गेले. उटीला याच संस्थेची ‘ग्रेप्स-३’ ही म्यूऑन दुर्बीण ५६० चौरस मीटरवर पसरली आहे. ती दिवसाला चारेकशे कोटी म्यूऑन मोजते. १ डिसेंबर २०१४ ला डोक्यावरून वादळी ढग गेला तेव्हा म्यूऑनांची संख्या किंचित घटली, आणि त्या घटीवरून ढगातला विद्युतदाब काढला गेला: १३० कोटी व्होल्ट.

म्यूऑन कणांमध्ये अल्पायुषी मुळीच नाही. टॉप क्वार्क जितका वेळ जगतो त्यात प्रकाश प्रोटॉनच्या रुंदीचा दहावा भागही धड कापत नाही. दुसऱ्या टोकाला प्रोटॉन. तो मरतो की नाही हेच ठाऊक नाही. मरत असेलच, तर त्याचं आयुष्य एकावर ३४ शून्यं इतक्या वर्षांहून जास्त आहे. विश्वाचं वय फक्त १३.८ अब्ज वर्षं असताना ही मर्यादा कळली कशी? पुन्हा झुंडीच्याच जोरावर. जपानमधल्या सुपर-कामिओकांडेच्या टाकीतल्या साडेबावीस हजार टन पाण्यात ७५ वर ३२ शून्यं इतके प्रोटॉन आहेत, आणि १९९६ पासून त्यातल्या एकाच्याही मरणाची खात्रीची नोंद नाही. याच शोधात कोलारलाही १९८० पासून १४० टन लोखंडावर नजर ठेवली गेली होती. संशयास्पद घटना मिळाल्या, त्यांना इतरत्र दुजोरा मिळाला नाही.

आणि या दोघांच्या मध्ये न्यूट्रॉन आहे. अणुकेंद्राबाहेर काढला की तो पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर मरतो. एवढा वेळ साध्या हातघड्याळावरही मोजता यावा. पण संथ न्यूट्रॉन बंदिस्त करून ठेवले आणि उरलेले मोजले, तर उत्तर येतं जवळपास ८७८ सेकंद. न्यूट्रॉनांचा झोत सोडून त्यातून निघालेले प्रोटॉन मोजले, तर ८८८. दोन्ही बाजूंचे लोक निष्णात, आणि फरक दहा सेकंदांचा, म्हणजे एक टक्क्याहून थोडा अधिक. दोन मायक्रोसेकंद जगणाऱ्या कणाचं आयुष्य दहा लाखांत एक इतक्या अचूकतेनं ठाऊक आहे. पाव तास जगणाऱ्याच्या बाबतीत मात्र दोन पद्धतींचं एकमत आठवडाभर ठोकळ्यापाशी बसलेल्या विद्यार्थ्याच्या अचूकतेपर्यंतही पोचलेलं नाही.